चहाच्या सुट्टीतले बाळू

स्कोअरबुकात चहाचा रकाना नसतो. ओव्हर, मेडन, रन, विकेट असतात. खाली एक्स्ट्रा असतात, त्यात बाय, लेग बाय, वाइड, नो बॉल. चहाला खेळ थांबला की आम्ही स्कोअरर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढतो आणि शेजारच्या स्कोअररशी बेरीज ताडून पाहतो. त्या वीस मिनिटांत कोण कुठे बसलं, कोणाला चहा कशातून मिळाला, हे लिहून ठेवायची पद्धत नाही. पालवणकर बाळूंची कारकीर्द नुसती स्कोअरबुकावरून लिहायला बसलात तर ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ विकेट्स, सरासरी १५.२१, एवढं हाती लागतं. आकडे दणदणीत आहेत, कोणत्याही जमान्यातल्या फिरकी गोलंदाजाला हेवा वाटावा असे. पण बाळूंचं निम्मं आयुष्य त्या आडव्या रेघेपाशी घडलं, आणि मला सांगायचं आहे ते तिथलंच.

मी परळचा. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी झाली आणि पावसाळ्यातले रविवार कांगा लीगची स्कोअरबुकं भरण्यात गेले. स्वतः खेळलो ते चाळीच्या गल्लीतलं क्रिकेट, गटारात बॉल गेला की आउट. खरं क्रिकेट पाहिलं ते ताडपत्रीखाली बसून, ओल्या टेबलावर वही सांभाळत. वर्कशॉपातली जुनी माणसं आमच्या वेस्टर्न रेल्वेला शेवटपर्यंत 'बी.बी.' म्हणत: बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. बाळू मुंबईत आल्यावर याच बी.बी.त नोकरीला होते आणि तिच्या टीमकडून खेळत. त्यामुळे माझ्या लेखी ते आधी आमच्या रेल्वेचे, मग हिंदुस्थानचे.

जन्म १८७६चा, धारवाडचा. घराणं कोकणातलं, पालवण गावावरून पालवणकर. जात चर्मकार. वडील लष्करात, म्हणून बिऱ्हाड पुण्याला. पोरवयात पहिली नोकरी लागली ती पारशांच्या क्रिकेट क्लबात. पिच झाडायचं, रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम तेच, वर नेट लावायचं. मग ट्रॉस नावाच्या साहेबाने एकदा हातात बॉल दिला आणि साहेब लोकांना नेटमध्ये बॉल टाकायचं काम वाढलं. डावखुरी, मंदगती फिरकी. दिवसचे दिवस टाकत राहिले. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. त्या काळी बॅटिंग ही साहेबी होती आणि बोलिंग ही मजुरी. खुद्द इंग्लंडातही जंटलमन बॅट घेऊन उभा राहायचा आणि घाम गाळायला पगारी बोलर असायचा. पुण्यात त्यात जातीची भर पडली एवढंच.

त्या साहेबांत एक होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. 'जॉन ग्लेनी'चं लोकांनी 'जंगली' करून टाकलं होतं. अंगाने लहानखुरा, पायांनी चपळ, त्या वेळचा इथला सगळ्यांत पक्का बॅट्समन. सरावाला तो इतरांच्या आधी यायचा आणि बाळूंनी एकदा आउट केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई. खरं असेल तर ग्रेगला ते प्रकरण महागात गेलं असणार. हा ग्रेग जन्मला महूच्या छावणीत, १८७१ साली. वीसेक वर्षांनी त्याच छावणीत सुभेदार रामजींच्या घरी भीमराव जन्मले. बाळूंच्या कहाणीत पुढे ज्या दोन माणसांशी गाठ पडली, एक बॅट घेऊन आणि एक मतपत्रिका घेऊन, ती दोन्ही महूची. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

ग्रेगच्या आठ आण्यांचं सगळे सांगतात, रोलरचं कोणी सांगत नाही. मैदानावरच्या माळी लोकांत बसून मी जे शिकलो ते असं: पाणी मारल्यावर पिचचा कोणता कोपरा आधी सुकतो, कोणत्या टोकाला माती भुसभुशीत राहते, बोलरच्या बुटाच्या टाचेने कुठे खळगा पडतो आणि दुपारनंतर तो किती खोल जातो, हे रोलर ओढणाऱ्याला माहीत असतं, कप्तानाला नसतं. डावखुऱ्या फिरकीवाल्याचं पोट त्या खळग्यावर. बॉल खळग्यात पडला तर किती वळेल आणि त्याच्या दोन बोटं अलीकडे पडला तर सरळ कसा जाईल, हा हिशेब बाळूंनी झाडू मारता मारता मनात पक्का केला असणार. ते दोन्ही बाजूंना बॉल वळवत आणि तासन्‌तास एका टप्प्यावर टाकत, असं त्यांच्या काळातल्या लोकांनी नोंदवून ठेवलंय. दैवी देणगी वगैरे म्हणायचं तर म्हणा. माझ्या मते त्यातली निम्मी देणगी तीन रुपये पगाराची.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचं होतं आणि गोऱ्यांच्या नेटमध्ये तयार झालेला बोलर गावातच होता. घ्यायचा की नाही यावर खल झाला, शेवटी घेतला. मैदानात बॉल एकच. बाळूंच्या हातून विकेटकीपरच्या हाती, तिथून स्लिपमधल्या ब्राह्मणाच्या हाती. बॉल बाटला नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे दहा पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांना चहा मातीच्या भांड्यात, जेवण वेगळ्या पानावर. तोंड धुवायचं तर पाणी आणून ओतणारा कोणी तरी त्याच समाजातला. न्यायमूर्ती रानडे पुण्याच्या हिंदूंना म्हणाले होते, की त्याच्याबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? रानड्यांचा प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला पुण्यात उत्तर मिळायला वेळ लागतो.

पुण्याला हसायचा अधिकार मला नाही म्हणा. कोकणात आमच्या घरी मागल्या पडवीच्या वाशाला एक कान तुटलेला कप उलटा अडकवलेला असे. तो कोणाचा हे आम्हां पोरांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि तरी आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आजी त्यात चहा वरून ओतायची, कपाला किटली न लावता. तो हात मला अजून दिसतो. बाळूंच्या मातीच्या भांड्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ते भांडं कसं असेल याची कल्पना करायला लागली नाही.

असंच काहीसं मेलबर्नलाही ऐकलं. पुतण्या तिथे असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला तिथल्या भल्यामोठ्या क्रिकेट ग्राउंडवर नेलं, क्रिकेटला नव्हे, त्यांच्या त्या फुटबॉलला. "काका, यात ऑफसाइड शोधू नका, नसतोच," त्याने आधीच बजावलं. अंड्यासारखा लांबट बॉल, एका बाजूला अठरा माणसं, चार खांब, आणि मैदान क्रिकेटचंच, गोल. कारण हा खेळ काढला तोच क्रिकेटवाल्यांनी. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आपण सुस्तावतो, काही तरी खेळ सुरू करा; १८५९मध्ये नियम लिहिले गेले. दोन वर्षांनी त्याचे वडील आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले, आणि तरी १८६६मध्ये हाच विल्स आदिवासींच्या क्रिकेट टीमचा कोच होऊन त्याच ग्राउंडवर उतरला. ती टीम पुढे १८६८ साली इंग्लंडला जाऊन ४७ सामने खेळून आली. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेली पहिली क्रिकेट टीम ती. गोऱ्यांची त्यानंतर गेली.

मध्यंतरात पुतण्याने डग निकल्सबद्दल सांगितलं. जन्म १९०६चा, आदिवासी वस्तीतला. उंची पाच फुटांच्या थोडी वर, पाय विजेसारखे. १९२७ साली कार्लटन क्लबाकडे गेला तर मालिश करणाऱ्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. अंगाला वास येतो म्हणाले. दुसऱ्या, खालच्या पायरीवरच्या क्लबात त्याने पाच वर्षं काढली आणि १९३२मध्ये फिट्झरॉयकडून मोठ्या लीगमध्ये आला. तिथेही तो कपडे बदलायच्या खोलीत एकटा कोपऱ्यात बसायचा. टीमचा हिरो हेडन बंटन मुद्दाम उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला, असं सांगतात. निकल्स पुढे पाद्री झाला, आपल्या लोकांसाठी लढला, 'सर' झाला आणि १९७६मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल. पुतण्याला त्यात सुखान्त दिसला. मला मात्र तो मालिशवाला आठवत राहिला. मैदानात धक्काबुक्की चालते, अंगावर अंग आदळतं, तिथे कोणाला वास येत नाही. हात लावायचा प्रश्न खेळ थांबल्यावर निघतो.

असो, मुंबई. शतक संपता संपता, प्लेगच्या त्या धामधुमीत बाळू इकडे आले. इथलं क्रिकेट धर्मावर वाटलेलं. आधी आजच्या आझाद मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे पोरांची पिचं उखडायचे, त्यावरून अर्ज-विनंत्या, भांडणं झाली. मग सरकारने समुद्रात भर घालून तयार झालेल्या जागेवर, केनेडी सी-फेसला, जिमखान्यांना प्लॉट दिले. चर्नी रोड ते मरीन लाइन्स लोकलच्या खिडकीतून आजही ती मैदानं एका रांगेत दिसतात. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना १८७५चा, पारशांचा १८८५चा, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४चा. या वाटपात एक अडचण होती, ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. 'हिंदू' म्हणून पाटी लावली की हिंदू कोण, हे कधी तरी ठरवावं लागतं. बाळूंच्या बोटांमुळे हिंदू जिमखान्याच्या कमिटीला ते ठरवावं लागलं. काही सभासदांनी कुरकुर केली. पण पारशी दहा-पंधरा वर्षं गोऱ्यांशी बरोबरीने खेळत होते, हिंदूंनाही तिथे पोचायचं होतं, आणि विकेटा काढणारा माणूस हा एकच. बाळू हिंदू ठरले. पाठोपाठ धाकटा भाऊ शिवरामही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात हाच प्रश्न १९३० साली आला तेव्हा तिथे विकेटा काढायच्या नव्हत्या, आणि उत्तर वेगळं मिळालं.

फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्याचं मैदान, हिंदू विरुद्ध युरोपियन. हा स्कोअर मी माझ्या वहीच्या मागल्या पानावर उतरवून ठेवलाय. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. बेरीज करून पाहा: ४०२मधून २९३ गेले, १०९ धावांनी जिंकले. शेवटच्या डावात २१२ हव्या होत्या, म्हणजे त्या काळच्या मानाने अवघड पण अशक्य नाही; आणि समोरचे लोक १०२मध्ये गारद. बाळूंच्या दोन्ही डावांत मिळून ८ विकेट्स. मैदान ज्यांचं, त्यांच्याच पॅव्हेलियनसमोर, ज्यात या अकरांपैकी एकालाही सभासद म्हणून प्रवेश नव्हता. वंगभंगाविरुद्धची चळवळ ऐन भरात होती, विदेशी कपड्यांच्या होळ्या पेटलेल्या. लोकांनी विजयाचा अर्थ लावायचा तो लावला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने मात्र वेगळाच लावला: त्यांच्या मते गोऱ्यांना हरवलं यापेक्षा अस्पृश्य भावांना बरोबर घेऊन हरवलं, हे मोठं. याच सुमारास हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांच्या पंगतीला बसू लागले. मातीचं भांडं गेलं.

हे ऐकून आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर म्हणतात, "बघा, क्रिकेटने जात मोडली." मी स्कोअरर आहे, एवढी मोठी बेरीज मला जमत नाही. क्रिकेटने जिंकायला लागेल तेवढीच जात मोडली. कप मोडला, कारण कप सांभाळून मॅच जिंकता येत नव्हती. पुढचं तसंच राहिलं.

१९११चा इंग्लंड दौरा. पहिलीच 'ऑल इंडिया' टीम, कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय अवघं एकोणीस. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाचं वर्ष होतं, लंडनमध्ये मेजवान्यांची रीघ. महाराज थोडं खेळले आणि मग दिसेनासे झाले, त्यांचा सेक्रेटरी मिस्त्री हा चांगला बॅट्समन, तोही त्यांच्याबरोबर. मागे उरलेली टीम १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी १० हरली, दोन जिंकली. बाळूंचा खांदा दुखत होता. तरी एकूण ११४ विकेट्स, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लेस्टरशायरला हरवलं त्यात त्यांच्या ११ आणि होरमसजी कांगांचं शतक. सॉमरसेटविरुद्ध शेवटची जोडी मैदानात असताना जिंकले, तेव्हा शिवराम शतक ठोकून नाबाद. म्हणजे प्रथम श्रेणीतले दोन विजय, आणि दोन्हींत पालवणकरांचा हात. त्याच टीममधल्या डॉक्टर कांगांच्या नावाची लीग मी वर्षानुवर्षं लिहिली. बाळूंच्या नावाच्या स्पर्धेचं स्कोअरबुक माझ्यापुढे कधी आलं नाही.

परतल्यावर मुंबईत त्यांच्या समाजाने सत्कार केला. मानपत्राच्या कामात एलफिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक विशीतला तरुण होता, असं लिहिलेलं सापडतं. तोच तो, महूचा. त्या पिढीच्या दलित पोरांना दाखवायला दुसरं नाव नव्हतं. शिकलेला मोठा माणूस अजून व्हायचा होता, खेळलेला झाला होता.

मग हिंदू टीमची कप्तानी. विकेट काढणं अंपायरच्या बोटावर असतं, कप्तानी कमिटीच्या. बाळू टीममधले सगळ्यांत अनुभवी, पण नाव कधी पुढे आलं नाही. १९१३ साली कप्तान झाले एम. डी. पै; त्यांच्या ज्ञातीने सत्कार केला तेव्हा पैंनी भर सभेत सांगितलं की हा मान खरा बाळूंचा होता. पैंचं मला कौतुक वाटतं. हार गळ्यात असताना असं बोलायला जिगर लागते. पण हार त्यांच्याच गळ्यात होता, हेही खरं. १९२०च्या हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. कप्तानी गेली पुण्याच्या देवधरांकडे, बाळूंना टीममधूनच वगळलेलं. शिवराम आणि तिसरा भाऊ विठ्ठल, दोघेही देवधरांहून ज्येष्ठ. दोघांनी खेळायला नकार दिला आणि वर्तमानपत्रात पत्रक काढलं. आजच्या खेळाडूंच्या मॅनेजरने लिहिलेल्या पत्रकांसारखं गुळमुळीत नव्हे. जातीमुळे डावललं, हे उघड म्हटलेलं. देवधर मोठेच खेळाडू, त्यांच्याशी या भावांचं वैर नव्हतं. भांडण कमिटीशी होतं. शहरात गदारोळ झाला. फायनलला पै बरे होऊन आले, भाऊ परतले, बाळूंना बोलावून उपकप्तान केलं, आणि सामना चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर येऊन बसले. तेवढा वेळ हिंदू टीमची फील्डिंग बाळूंनी लावली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही बदली म्हणून.

१९२३मध्ये विठ्ठल रीतसर कप्तान झाला. हिंदू जिंकले, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आपल्या आठवणी त्याने १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' म्हणून छापल्या. आज आपल्याला या भावांचं जे ठाऊक आहे त्यातलं बरंच त्या पुस्तकामुळे.

शेवट आधीच सांगून टाकतो, कारण मला संपवायचं आहे ते परळला. बाळू १९५५च्या जुलैत वारले, सांताक्रूझला अंत्यविधी झाला. त्याआधीची वीसेक वर्षं ते राजकारणाच्या कडेकडेने वावरले. गांधींवर श्रद्धा. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात ते आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला, दलित पुढारी एम. सी. राजांच्या पक्षात. २४ सप्टेंबर १९३२ला येरवड्यात पुणे करार झाला, त्याखालच्या सह्यांमध्ये बी. आर. आंबेडकर आहेत आणि पी. बाळूही आहेत. त्यानंतर एकदा हिंदू महासभेच्या तिकिटावर महापालिकेला उभे राहून पडले.

आणि १९३७. प्रांतिक विधानसभेची निवडणूक, मतदारसंघ भायखळा आणि परळ. आंबेडकरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढलेला. त्यांच्याविरुद्ध राखीव जागेला काँग्रेसने, म्हणजे वल्लभभाईंनी, कोणाला उभं करावं? सगळ्या इलाख्याला नावाने आणि चेहऱ्याने ठाऊक असलेला एकच माणूस होता. बाळू साठीला आलेले, फारसे खुशीत नव्हते म्हणतात, पण उभे राहिले.

हा मतदारसंघ बाबासाहेबांचं अंगण. दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत त्यांची १९१२पासूनची वीस-बावीस वर्षं गेली. बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी दामोदर हॉलमध्ये. 'राजगृह' बांधून दादरला गेले तरी माणसं सगळी इथली. आजोबा गिरणीत होते. मत त्यांना नव्हतं, त्या वेळी सगळ्यांना नसायचंच, पण सभांना जायला मत लागत नाही. ते सांगायचे, आमच्या बाजूला दोन नाही, तीन तट होते. एक साहेबांचा, एक काँग्रेसचा, आणि तिसरा म्हणायचा, "दोघं आपलेच की रे, हे आमनेसामने आणले कोणी?" हा तिसरा तट कुठल्या इतिहासात सापडत नाही, पण प्रश्न त्याचाच रास्त होता. बाळूंना आज कोणी 'काँग्रेसचं प्यादं' म्हणून मोकळं होतं. आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावरही म्हणतात. मी म्हणतो, चाळीस वर्षं ज्याला प्रत्येक कमिटीने लागेल तेव्हा बोलावलं आणि गरज संपल्यावर बसवलं, त्याला हे तिकीट कशासाठी मिळतंय हे कळलं नसेल? कळलं असणार. तरी त्याची गांधींवरची श्रद्धा खरी होती आणि बाबासाहेबांशी मतभेदही खरा होता. दोन दलित पुढाऱ्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर त्यात दरवेळी तिसऱ्याचा हात शोधायलाच हवा असं नाही. स्वतःचं मत असायचा हक्क त्यांनाही आहे. मला विचाराल तर त्या निवडणुकीत निवडून यायला हवे होते ते आंबेडकरच, आणि ते आले.

मतमोजणी झाली. आंबेडकर १३,२४५. बाळू ११,२२५. फरक २,०२०चा. परळ-भायखळ्यात बाबासाहेबांसमोर हा आकडा लहान नाही. त्या ११,२२५त काही मतं काँग्रेसची असतील, काही गांधींची, काही चर्मकार वस्त्यांमधली, काही आंबेडकर नकोत म्हणून पडलेली सवर्णांची. आणि काही नक्कीच अशा लोकांची, ज्यांनी १९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून गोरे १०२मध्ये निपटताना पाहिले होते. मोजणाऱ्यांनी सगळी एकाच गठ्ठ्यात बांधली.